घरात डिमेन्शिया आला की आधी काय करायचं

"वय झालं की विसरायला होतंच" या एका वाक्यापायी आपल्या घरांतून फार वेळ वाया जातो. नाव चटकन न आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, हे वयाचंच. पण जिनं उभा जन्म पुरणपोळ्या केल्या ती बाई डाळ शिजवून, कट काढून ओट्यापाशी थबकते आणि पुढे काय करायचं ते तिला सुचतच नाही, तेव्हा मामला वेगळा असतो: तो डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या आजारानं स्मृती, विचार आणि वागणं बिघडत जाणं, असू शकतो. सोसायटीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या गृहस्थांना भाजीवाल्याचे सुट्टे मोजता येईनासे होतात. बँकेतली सही जुळत नाही. दहा मिनिटांत तोच प्रश्न चौथ्यांदा येतो. कधी आवाज न चढवणारा माणूस शिव्या देऊ लागतो. यातलं काही गेल्या सहा महिन्यांत, वर्षात नव्यानं सुरू झालं असेल आणि रोजच्या कामात अडथळा येत असेल, तर पुढचं वाचा.

आमच्याकडे हे सासूबाईंच्या निमित्तानं आलं. त्यानंतर ओळखीपाळखीतून बरेच जण विचारत आले, आणि प्रत्येकाला मी जवळपास तेच सांगते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरच्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढचे सुमारे ७.४ टक्के लोक, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसं डिमेन्शियासह जगत आहेत. तेव्हा "आमच्याच नशिबी का" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि कामाला लागा. कामांचा क्रम शक्यतो मोडू नका, कारण काही दारं लवकर बंद होतात.

वही

शंभर पानी वही घ्या. तारीख टाकून फक्त घडलं ते लिहा. "आई हल्ली विचित्र वागते" याचा डॉक्टरांना उपयोग नसतो. "मंगळवारी दूध दोनदा आणलं, रात्री तीन वाजता उठून अंगण झाडायला निघाली, टीव्हीतल्या बाईला चहा विचारला" याचा असतो. पहिल्यांदा कधी जाणवलं, हळूहळू वाढलं की एका रात्रीत, मधे कधी पडणं-झडणं झालं का, झोप कशी आहे, लघवीवर ताबा आहे का, तेही नोंदवा. मागच्या पानावर चालू असलेली सगळी औषधं लिहा: बीपी-शुगरच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीची गोळी, झोपेची गोळी, शेजारच्या काकांनी सुचवलेलं चूर्ण, सगळं.

डॉक्टर

आधी घरचे फॅमिली डॉक्टर, मग न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे आणि पुण्यात ससून इथल्या ओपीडीत कमी खर्चात तपासणी होते. रांग मोठी असते, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जा.

पहिल्या भेटीत एकच आग्रह धरा: भरून येण्यासारखं दुसरं काही नाही ना, ते आधी तपासा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड कमी पडणं, रक्तातलं सोडियम घसरणं, नैराश्य, काही औषधांचा परिणाम, या सगळ्यांनी माणूस डिमेन्शियासारखाच दिसू शकतो. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवल नाही, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी घसरतं. पडल्यावर काही आठवड्यांनीही मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलेलं सापडतं, म्हणून स्कॅन. सर्दीच्या जुन्या धाटणीच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि वारंवार लघवी थांबवणारी काही औषधं म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकतात. ती चालू असतील तर वहीतलं मागचं पान डॉक्टरांसमोर ठेवा.

मग स्मरणशक्तीची चाचणी होते. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, असं काहीबाही. शाळा न शिकलेल्या आजींना वजाबाकी जमली नाही म्हणून डिमेन्शिया ठरत नाही. शिक्षण किती झालं, ते आपणहून सांगा. आणि चाचणी चालू असताना मधे उत्तर पुरवू नका. मुलांना हा मोह फार होतो.

अल्झायमर हा डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. अलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली त्याचं पहिलं वर्णन मांडलं, त्यावरून हे नाव. त्यात ताजी आठवण आधी जाते, जुनी टिकते. मेंदूच्या रक्तपुरवठ्यामुळे होणाऱ्या प्रकारात घसरण बऱ्याचदा पायरीपायरीनं दिसते. लेवी बॉडी प्रकारात नसलेली माणसं, लहान मुलं, प्राणी दिसतात, अंग आखडतं, झोपेत हातपाय झाडले जातात. आणखी एका प्रकारात स्मृती बरी असते, पण स्वभाव आणि भाषा आधी बिघडते, आणि तो पन्नाशीतही गाठतो. तुमच्याकडे कोणता आहे ते डॉक्टरांना स्पष्ट विचारून वहीत लिहा. लेवी बॉडीच्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखं मनोविकारावरचं, शांत करायला देतात ते औषध फार महागात पडू शकतं, आणि इमर्जन्सीत मध्यरात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरला ते सांगायला तुम्हीच असता.

औषधांबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमॅन्टिन ही नावं ऐकू येतील. यांनी आजार बरा होत नाही. काही जणांची गाडी काही काळ सावरून धरतात, इतकंच. डोनेपेझिलनं मळमळ होते, भूक मरते, कधी नाडी मंदावते. चक्कर आली तर लगेच कळवा. "स्टेम सेलनं स्मृती परत" असल्या जाहिरातींना एक रुपया देऊ नका.

कागदपत्रं

हे काम निदानाच्या महिन्यातच करा. लोक यालाच सगळ्यात उशिरा हात घालतात, आणि इथेच अडकतात.

कारण असं. वडिलांनी तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलं, म्हणजे पुढची सोय झाली, असं सगळ्यांना वाटतं. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ज्यानं अधिकार दिला त्याचीच समज गेली की तो अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवशी कागदाची खरी गरज पडते, त्याच दिवशी तो कुचकामी. मग उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. वेळ जातो, पैसा जातो, आणि भावाभावांत वितुष्ट असेल तर विचारूच नका.

म्हणून माणसाला कळतंय, विचारलं तर आपली इच्छा सांगता येतेय, तोवर हे उरका. बँक खाती संयुक्त, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल अशी. सगळीकडे नॉमिनेशन. मृत्युपत्र, दोन साक्षीदारांसह, आणि त्याच दिवशी डॉक्टरांचा "मानसिकदृष्ट्या सक्षम" असा दाखला. शेवटच्या आजारपणात व्हेंटिलेटर, नळ्या नको असतील तर तसं वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली आहे: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला घरबसल्या चेहऱ्यावरून कसा द्यायचा ते मोबाइलवर आत्ताच शिकून ठेवा. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना हे सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही. जुन्या करपद्धतीत डिमेन्शियाच्या उपचारखर्चावर वजावट आहे, ती सीएला विचारा.

आईच्या समोर, आईला विचारून करा हे सगळं. निदान झालं म्हणजे मत गेलं असं होत नाही.

घर

डिमेन्शियाच्या माणसाला नवी सवय लावणं जवळपास अशक्य. त्यामुळे बदलायचं ते घर. पण फार बदलायचं नाही, नाहीतर जुनी खूणही हरवते. हौसेनं नवा इंडक्शन आणू नका, तो त्यांना कधीच उमगणार नाही.

गॅस आधी. पाइपचा गॅस असेल तर मुख्य व्हॉल्व्ह, सिलिंडर असेल तर रेग्युलेटर, स्वयंपाक झाला की बंद. बाथरूमची आणि त्यांच्या खोलीची आतली कडी काढून टाका. कडी लावता येते, उघडायची कशी ते आठवत नाही, आणि मग दार फोडायला सुतार बोलवावा लागतो. फिनाइल, ढेकणाचं औषध, गोळ्यांची पाकिटं कुलपात. काळं पायपुसणं उचला, काहींना तो खड्डा दिसतो आणि ते उंबऱ्यातच अडतात. संडासाचा दिवा रात्रभर चालू आणि दार उघडं ठेवा. आरशात कोणी परकी बाई दिसते म्हणून भीती वाटत असेल तर आरशावर चादर टाका, वाद घालत बसू नका.

दागिने हा वेगळा अध्याय. "माझ्या पाटल्या सुनेनं घेतल्या" हे वाक्य बहुतेक घरांत येतं, आणि ज्या सुनेनं सगळं केलं तिच्याच वाट्याला येतं. त्यांनी पाटल्या कुठे ठेवल्या ते त्यांना आठवत नाही, आणि रिकाम्या जागेचा अर्थ मेंदू चोरी असा लावतो. खरे दागिने फोटो काढून लॉकरमध्ये ठेवा, हातात तसल्याच दिसणाऱ्या एक ग्रॅमच्या राहू द्या. आरोप झाला की "मी कशाला घेऊ!" असं म्हणायचं नाही. "अरे बापरे, चला शोधू या" म्हणायचं आणि खरंच शोधायचं. तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, गादीखाली, देव्हाऱ्यामागे. जागा ठरलेल्या असतात, दोन-चारदा झालं की तुम्हाला पाठ होतात. कामवाल्या ताईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या एक दिवस काम सोडून जातील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

बाहेर निघून जाण्याचा धोका धरूनच चाला. वॉचमन, वाणी, रिक्षा स्टँड, समोरचा मेडिकलवाला यांना फोटो दाखवून आपला नंबर द्या. गळ्यात किंवा हातात नाव-फोन कोरलेली पट्टी, आणि परकराच्या नाडीजवळ शिवलेली चिठ्ठी. पिशवी-पाकीट हरवतं, अंगावरचं राहतं. माणूस सापडत नसेल तर चोवीस तास थांबायचं वगैरे काही नसतं, लगेच ११२ लावा. एकट्यांना घरात कोंडून मात्र जाऊ नका.

बोलणं

इथे घरातल्या हुशार माणसांची पंचाईत होते, कारण चूक दुरुस्त करायची सवय सुटत नाही. "आत्ताच तर सांगितलं", "आठव जरा", "ओळख बघू मी कोण?" ही तीन वाक्यं घरातून हद्दपार करा. पाहुण्यांनाही दारातच सांगा: आपणहून नाव सांगायचं, परीक्षा घ्यायची नाही.

संध्याकाळी गोंधळ वाढतो. उजेड कमी होतो, दिवसभराचा थकवा असतो, आणि सुरू होतं:

"मला घरी जायचंय."
"आई, हेच आपलं घर."
"नाही गं. आई वाट बघत असेल."

सासूबाईंची आई जाऊन कित्येक वर्षं झाली होती. "अहो, त्या कधीच गेल्या" असं सांगितलं तर ती बातमी त्यांना नव्यानं कळते, रडणं नव्यानं येतं, आणि अर्ध्या तासानं पुन्हा तोच प्रश्न. त्याऐवजी "तुमच्या आई काय करायच्या हो संध्याकाळी?" असं विचारलं की गाडी तुळशीपाशी, कंदिलाच्या काचा पुसण्याकडे वळायची. तेही नाही जमलं तर चपला घालून इमारतीला एक फेरी आणि परत. लोक म्हणतात हे खोटं बोलणं झालं. मला तसं वाटत नाही. त्यांना घराचा पत्ता नको असतो, धास्ती वाटत असते तिच्यावर उतारा हवा असतो.

अंधार पडायच्या आत घरातले सगळे दिवे लावा. चहा दुपारचाच शेवटचा. पाठांतर फार उशिरापर्यंत टिकतं, त्याचा वापर करा: शुभंकरोति, रामरक्षा, हरिपाठ, आरत्या, रेडिओवरची जुनी गाणी. नातवाचं नाव न आठवणारी आजी अथर्वशीर्ष अखंड म्हणते, तेव्हा भेटायला आलेली माणसं चकित होतात.

आंघोळ

नव्या माणसाला सगळ्यात जास्त घाम फोडणारं काम हेच, म्हणून सविस्तर.

"आंघोळ करायची का?" हा प्रश्न विचारूच नका, उत्तर "सकाळीच झाली" असं येतं. "पाणी काढलंय, चला" एवढंच, तेही त्यांच्या आयुष्यभराच्या वेळेला. पाणी, टॉवेल, उलगडून ठेवलेले कपडे आधी तयार. मधे काही आणायला बाहेर जायचं नाही. शॉवर नको, डोक्यावर अचानक पडणाऱ्या पाण्यानं त्या घाबरतात. बादली आणि तांब्या ओळखीचे असतात. घट्ट पायांचं स्टूल, खाली रबरी मॅट, गिझरचं पाणी आपल्या कोपरानं तपासलेलं. खांद्यांवरून पंचा राहू द्या आणि त्याखालूनच धुवा. उघडं पडण्याची लाज शेवटपर्यंत शाबूत असते, अर्धी झटापट तिच्यामुळेच होते. पहिला तांब्या पायांवर, मग गुडघे, मग पाठ. एक तांब्या त्यांच्या हातात द्या, हाताला काम मिळालं की हात मारायला उठत नाही. केस वेगळ्या दिवशी. नंतर मांड्यांच्या आणि स्तनांखालच्या घड्या कोरड्या करा, पाठ-टाच-माकडहाडावर लाल डाग आहे का बघा. फारच विरोध असेल तर त्या दिवशी ओल्या कपड्यानं अंग पुसून सोडून द्या. आंघोळ बुडाल्यानं कोणी मरत नाही.

नऊवारी-सहावारी नेसण्याचा हट्ट असेल तर शिवलेली साडी चांगली. गाऊन सोयीचा खरा, पण काहींना तो पेशंटचा पोशाख वाटतो.

जेवण

भरलेलं ताट पाहून गोंधळतात, तेव्हा एका वेळी एकच वाटी. चमचा जमेना तर हातात धरता येईल असं द्या: पोळीची गुंडाळी, इडलीचे तुकडे, केळं. पाणी मागत नाहीत, म्हणून दर दोन तासांनी आपणहून. जेवताना ठसका लागू लागला, घास गालात साठू लागला, तर डॉक्टरांना सांगा, आणि आडवं असताना काही भरवू नका. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवा.

अचानक बिघडलं तर

डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. काल ठीक असलेला माणूस आज झोपाळलेला, बरळतोय, कपडे फाडतोय, तर "आजार वाढला" असं समजून स्वस्थ बसू नका. बहुधा आत दुसरं काही असतं: लघवीचा संसर्ग, छातीत कफ, सोडियम कमी, शौचाला न होणं, कुठेतरी दुखणं, नवं औषध, नकळत पडणं. म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही संसर्ग असतो. त्याच दिवशी दाखवा.

आणि "शांत राहावं म्हणून" गोळी लिहून मिळाली तर कोणत्या वर्गातली आहे ते विचारा. मनोविकारावरच्या काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधी ती द्यावी लागतात, मी नाही म्हणत नाही. पण किती दिवस आणि बंद कधी करायची, हे त्याच भेटीत ठरवून घ्या.

माणसं

एका माणसावर सगळं टाकलं की दोन पेशंट होतात. ब्यूरोतून मावशी येणार असतील तर ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी करा, आणि पहिले काही दिवस कोणीतरी सोबत राहा. भिंतीवर एक कागद लावा: काय आवडतं, कशानं चिडतात, संडासाची वेळ, हाक कशी मारायची. "आजी" म्हटलेलं न चालणाऱ्या बाई असतात. आमच्या सासूबाईंना "बाई" लागायचं, त्या शाळेत शिकवायच्या.

परदेशातल्या किंवा दुसऱ्या गावच्या भावंडांशी एक वाद होणारच. व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं आई छान बोलते, हसते, "जेवलास का" विचारते, आणि तिकडून उत्तर येतं, "अगं, तुम्ही उगाच बाऊ करताय." पाहुण्यांपुढे थोडा वेळ सावरून घेणं या आजारात होतंच. वाद घालू नका. सुट्टीवर आले की चार दिवस घर त्यांच्या ताब्यात द्या आणि खरोखर गावाला निघून जा. पैशांची वाटणी त्यानंतर बोला.

थकवा, चीड, "आता सुटलं तर बरं" असे विचार येतात, सगळ्यांनाच येतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी एल्डरलाइन १४५६७. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते, आपल्या भागात तिची शाखा आहे का ते विचारा. अशा ठिकाणी जे ऐकायला मिळतं ते डॉक्टरांच्या पाच मिनिटांत मिळत नाही.

आणि तुमचा स्वतःचा मेंदू

"मलाही होईल का?" हे प्रत्येक जण कधीतरी हळू आवाजात विचारतो. आई-वडिलांना उतारवयात झालं म्हणून तुम्हाला होणारच, असं नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगे १४ धोके दिले आहेत, आणि ते सगळे दूर झाले तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा लांबतील असा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, दारू, लठ्ठपणा, बसून राहणं, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, प्रदूषण, कमी शिक्षण, न सुधारलेली नजर आणि कमी ऐकू येणं. शब्दकोडी सोडवा जरूर, पण बीपीची गोळी चुकवून सुडोकू खेळण्यात अर्थ नाही. हेल्मेट घाला. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका.

यातलं कानाचं आपण सगळ्यात हलक्यावर घेतो. पन्नाशीनंतर टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, लग्नघरातल्या गलक्यात समोरच्याचं बोलणं लागत नसेल, तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. कानाचं मशिन घ्यावं लागलं तर पहिल्याच दिवशी ते लावून लग्नाला जाऊ नका, भांडी आपटल्यासारखं सगळं कानात शिरतं आणि मशिन कायमचं कपाटात जातं. आधी घरातल्या शांत खोलीत तास-दोन तास, एकाच माणसाशी बोलताना. मग वाढवत न्या, आणि आवाज जुळवून घ्यायला दुकानात दोन-तीनदा परत जायची तयारी ठेवा.